नीळ घातलेला पंप

बाभुळगाव,
मंगळवार, १० ऑक्टोबर २००६

चि. दीपास,
बाबाचा जय भीम आणि आशीर्वाद.

आम्ही सारे बरे आहोत. तुझ्या आईच्या गुडघ्याची सूज उतरली आहे. लोकांची फवारणी अजून संपत नाही, दुकानापुढे दुरुस्तीच्या पंपांची रांग असते. संघदीपदादाची लेक चिमी आता भिंत धरून चालते. होस्टेलवर दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तू वॉर्डात असल्याचं सांगितलं. असशीलही.

संघदीप म्हणाला, तू फवारणीचा प्रकल्प सोडून शुक्रवारी हात धुण्याचा तक्ता देणार आहेस. तुझं अक्षर चांगलं आहे, तक्ता चांगलाच होईल. पण तो देऊ नकोस.

१७ सप्टेंबरच्या रविवारचं क्रमाने लिहितो, म्हणजे तुझ्या वहीत चूक राहणार नाही. समाजमंदिरापुढे तू पंपात औषधाऐवजी नीळ घातली होतीस. औषध अंगावर कुठं कुठं लागतं ते लोकांना दिसावं म्हणून. फवारणी करणाऱ्या प्रेमसिंगने पंप मारला आणि नोझल तुंबलं. त्यात तूच कापूस कोंबला होतास, हे मी लगेच ओळखलं. तरी पुढे झालो. मिस्त्री मी. नोझल खोललं आणि बावीस वर्षं करतो तसं तोंडाने फुंकलं.

तू आरसा धरलास. ओठ, मिशी, हनुवटी, सगळं निळं. प्रेमसिंग म्हणाला, ‘मिस्त्री, आता एक फोटो काढूनच घ्या.’ सारे हसले. मी तुला म्हणालो, ‘बापाले शिकवाले नर्स झाली काय तू?’ तू एवढंच म्हणालीस, ‘बाबा, आधी तोंड धुवा.’

मी न धुता निघालो. इथपर्यंत तुला माहीत आहे.

तुझ्या मॅडम म्हणतात ना, कोणी ऐकून शिकतं, कोणी पाहून, कोणी हाताने करून. तू हे सांगितलंस तेव्हा मी हसलो होतो. मी स्वतः फुटके पंप खोलून शिकलो, गुरू केला नाही, हे गावभर सांगतो. आणि तुला पाठांतर येत नाही म्हणून मारायचो. सातवीत तू पंपाचं वायसर बघून बघून बदलायला लागलीस, तेव्हा ‘अभ्यास कर’ म्हणून हातातून पाना घेतला. ते शिकणंच होतं, हे मला कळायला हवं होतं.

आता राहिलेलं लिहितो. रागात घरी आलो, चिमी रांगत पुढे आली, उचलली आणि पापा घेतला. तिच्या गालावर निळा ठसा उठला. तिने तो हाताने पुसला आणि हात तोंडात घातला. मी साबणाने तिला दोनदा धुतलं. घरात कोणाला बोललो नाही.

दीपा, नीळ होती म्हणून दिसलं. तू तिच्याएवढी होतीस तेव्हा मी दुकानातून येऊन तुलाही असाच उचलायचो. फवारणीच्या दिवसांत तुला उलट्या व्हायच्या. आम्ही जंत समजून जंताचं औषध पाजायचो. त्या उलट्या माझ्या अंगावरच्या फवारणीच्या औषधानेच व्हायच्या का, मला ठाऊक नाही. तुला वॉर्डात विचारता येईल. मला विचारायचा धीर होत नाही.

सोबत कागद जोडला आहे. १८ सप्टेंबरपासून पंप घेऊन आलेल्या प्रत्येकाला जुन्या ब्रशने नोझल साफ करायला लावलं. नुसतं सांगितलं नाही, त्याच्या हातून करून घेतलं. एकतीस पंप. सहा जणांनी पुढच्या वेळी परत फुंकलं, त्यांची नावं आहेत. सातवं नाव माझं आहे. परवा रविवारी घाईत सवयीने फुंकलं गेलं. तेही खोडलेलं नाही.

तू त्या दिवसाच्या टिपणात ‘एक मेकॅनिक’ असं लिहिलंस म्हणे. पूर्ण नाव लिही. वय, धंदा, वर्षं, सगळं खरं लिही. तुझं माझं नातं लिहायचं की नाही, ते तू ठरव. घरी कधी येतेस तेही मी विचारत नाही. शुक्रवारी हाच प्रकल्प दे.

लिहिलंस किंवा नाही लिहिलंस तरी,
तुझा बाबा
उकंडा मिस्त्री