मैनीनं घेतलेला धडा

९ मार्च १९५४, धानोरा
पाळकसाहेब चांद्याहून आले. बैलगाडीनं हाडं खिळखिळी, तरी लगेच ईस्टरला बाप्तिस्मा घेणाऱ्यांची चौकशी. लालसू माझ्या बायबलच्या वर्गातला सगळ्यात जुना, भर पावसातही चुकला नाही. घरात बायका किती, पाळकसाहेबांनी विचारलं. सरळ म्हणाला, दोन. खोटं बोलला असता तर! पण खोटं बोलू नये हे मीच शिकवलेलं.
पा. सा. म्हणाले, एकीला दूर केल्याशिवाय बाप्तिस्मा नाही.
लालसू : "साहेब, मैनी माह्या भावाची बायको. भाऊ मेला. आमच्यात धाकट्याले वहिनी ठेवा लागते. तिले कुठी टाकू?"
"धान्य दे तिला. घरात नको."
"घरात नाई त मंग कोनाची ते?"
पा. सा.नी पुढचं नाव विचारलं. मी सांगितलं.

१४ मार्च
लालसूच्या गावी. मोहफुलं वेचणं चालू. त्याची पहिली बायको सोमारी आणि मैनी एकाच टोपलीत टाकत होत्या, मैनीची पोर मध्ये बसून फुलं चोखत होती. सोमारीला मूल नाही. पोर दोघींनाही आईच म्हणते.
पा. सा.चं म्हणणं सांगितलं तर सोमारी भडकली. "मीच आनली तिले घरात. तुम्हाले काऊन जड होते, बाई?"
मला कशाला जड होईल. नवरा गेला तेव्हा सासरच्यांनी माझी ट्रंक दाराबाहेर ठेवली होती. इथं विधवेला घरात घेतात, आणि यांना प्रीती शिकवायला आम्ही आलोय. लाज वाटली.

१५ मार्च
पा. सा.शी भांडले. म्हटलं, जुन्या करारात तर भावाच्या विधवेला सांभाळायची आज्ञाच आहे. म्हणाले, नव्यात नाही. म्हटलं, नव्यात प्रीती आहे, सगळ्या नियमांच्या वर, तुम्हीच सांगता.
चष्मा पुसत म्हणाले, "शांताबाई, याला सूट दिली तर उद्या हौसेनं दुसरी आणणाऱ्याला काय सांगू? किती बायकांच्या घरात सवत येईल?"
हेही खोटं नाही. माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं, नीट रागावता तरी आलं असतं.

४ एप्रिल, रविवार
धडा : प्रीती करणारा आपलं सोडतो, दुसऱ्याला देतो. मैनी दारापाशी, पोर मांडीवर. कधी नव्हे ते मान वर करून ऐकत होती. आज चांगलं बोलले असं वाटून मी खूष.

७ एप्रिल
मैनी गेली. माहेरी, कुरखेड्याकडे, एकटी. पोर ठेवून. यांच्यात पोर बापाच्या कुळाची.
सोमारी रडत सांगायला आली. जाताना म्हणाली म्हणे, "बाईनं सांगतलं, माया असन त आपलं सोडा लागते. मी सोडलं. आता त्याले पान्यात उतरू द्या."
देवा, मी हे नव्हतं सांगितलं. मग काय सांगितलं होतं? तेच तर.
चूल पेटवली नाही. फार रडले.

१० एप्रिल
पा. सा. खूष नाहीत, पण सुटल्यासारखे दिसतात. "तिनं स्वतःहून केलं, बाई." मी ताटावरून उठले.

१७ एप्रिल, शनिवार
लालसू आला. पोर खांद्यावर, रडून रडून तिचा आवाज बसलेला. उद्याच्या बाप्तिस्म्यासाठी धोतर धुऊन वाळत घातलंय म्हणाला.
"बाई, उद्या नदीवर येऊ का मैनीले आनाले जाऊ? मायेचं तुम्हीच शिकवलं. सांगा."
म्हटलं, जा. आणि मीही येते. माझ्या शब्दावर गेली ती, नुसत्या तुझ्या बोलावण्यानं यायची नाही.
पहाटे निघायचं. ईस्टरच्या दिवशी मी उपासनेला नाही, असं आजवर झालेलं नाही. पा. सा.ना अजून सांगितलं नाही. काम जाईल, ही खोलीही. प्रभूला काय वाटेल, खरंच कळत नाही. भीती वाटते.
मैनी विचारेल, बाई, एकदा सोडलेलं परत कसं घेऊ? वाटेत काही सुचलं तर बरं.