बहिणीकडे गेलेली करदाती

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार, गुडघे वाकतील तेवढाच. दमा कसा आहे? वाफारा घेताय ना? (नसालच घेत. तुम्ही दोघी बहिणी दुसऱ्याला औषध पाजण्यातच पटाईत.) मी बरा आहे. भाजीत कधी कधी मीठ दोनदा पडतं, पण खाणारा मीच, तक्रार कोण करणार?

पत्रास कारण प्राप्तिकर. तुम्हाला ठाऊक आहे, आमच्याकडे दोघांची विवरणपत्रं तीच भरायची. मी तिने बोट ठेवलं तिथे सही करायचो. आता ती गेल्यावर तिचं शेवटचं विवरणपत्र मलाच भरायला हवं, असं करसल्लागार म्हणाला. माणूस जातो, त्याचा कर मागे राहतो म्हणे. बसलो कॉम्प्युटरपुढे. पासवर्ड ठाऊक नाही. तर त्याने उलट मलाच विचारलं, तुमच्या सगळ्यात जवळच्या माणसाचं नाव काय? मी ऐटीत माझं नाव टाकलं. चूक. मग घरात ती मला ज्या नावाने हाक मारायची ते टाकलं. (ते इथे लिहीत नाही.) तेही चूक. शेवटी चिडून ‘अक्का’ टाकलं, तर दार उघडलं. एवढा संसार केला, आणि कागदोपत्री निघालात तुम्ही. म्हणून त्या दिवशी तुमचा फोन उचलला नाही, रुसलो होतो.

पुढे प्रश्न आला, विवरणपत्र कोण भरतंय? ‘स्वतः’ की ‘मृताचा वारस’? त्या दुसऱ्या शब्दांकडे माझा हात काही केल्या जाईना. ‘स्वतः’वर खूण करून मोकळा झालो. झालं. तिच्या नावाने नोटीस आली, पडताळणीसाठी समक्ष हजर राहावे. मी गेलो. खिडकीमागच्या बाई मान वर न करता म्हणाल्या, त्यांनाच यावं लागेल. आता इथे सरळ सांगायचं होतं ना? तोंडातून निघालं, ती बाहेरगावी गेलीय. बाईंनी पुढची तारीख दिली. त्या तारखेला म्हणालो, बहिणीकडे आहे, बहिणीला दम्याचा त्रास आहे. बाई हळहळल्या. तुमच्यासाठी त्यांनी एक काढा लिहून दिलाय, सोबत जोडतो. (त्यांच्या सासूला गुण आला म्हणे.) वर म्हणाल्या, फार दिवस राहू देऊ नका हो, तुमचे हाल होत असतील. मी हो म्हटलं.

आणि अक्का, खरं सांगतो, येताना मला बरं वाटत होतं. बँकेने तिचं नाव काढलं, वाचनालयाने काढलं, गॅसवाल्यानेसुद्धा काढलं. त्या एका कचेरीत मात्र ती अजून आहे, फक्त तिला यायला उशीर झालाय. सगळं जग शिव्या घालतं त्या खात्याला. मला तिथून उठवत नाही.

कळावे. प्रकृतीला जपा.

तुमचा मेहुणा
(चुकीचं उत्तर)

ता. क. – सोमवारी शेवटची तारीख आहे. तुम्ही याल का? मृत्यूचा दाखला माझ्या पिशवीत आहे, तो मी पुढे करीन. तोंडाने सांगायचं तेवढं तुम्ही सांगा. मला जमत नाही.

ता. क. दुसरा – पाकीट चिकटवताना लक्षात आलं, ती तुमची धाकटी बहीण. तुम्हाला तरी ते कुठून बोलवेल? तरी या. नुसते शेजारी शेजारी उभे राहू. तुम्ही तिच्याशिवाय आलात हे पाहून बाई काय ते समजतील.