शेवटच्या कर्ण्यापाशी

आबा, तुमचा आवाज ज्यात ठेवलाय ती डबी रविवारपासून बोलेना झाली होती. तुम्ही असताना असली वस्तू आपल्या घरात नव्हती, म्हणून सांगते. एसएसडी म्हणतात तिला. काडेपेटीएवढी असते आणि वायरीनं कॉम्प्युटरला जोडायची. लाउडस्पीकरच्या कामावर तुम्ही रेकॉर्ड केलेल्या सगळ्या कॅसेटी मी तिच्यात भरून घेतल्या होत्या. मूळ कॅसेटी पुरात गेल्या. खालच्या खोलीतली ट्रंक उघडली तेव्हा फितींवर चिखल वाळला होता. त्यामुळं तुमचा आवाज आता कुठं असेल तर या डबीतच. दुसरी प्रत काढायची, काढायची म्हणत राहून गेली.

रविवारी जोडली तर तिचा निळा दिवा लागला, पण स्क्रीनवर काहीच आलं नाही. लॅपटॉप बंद करून चालू केला. दुसऱ्या बाजूला लावून बघितली, मग भाचीच्या लॅपटॉपला लावली. दिवा तेवढा लागायचा. सोमवारी राजारामपुरीतल्या एका दुकानात गेले. दुकानदारानं माझ्याच वायरीनं जोडून बघितली आणि काउंटरवर ठेवून दिली.

"मेलीय ताई ही."

"दिवा लागतोय की अजून."

"दिवा काय, मेल्यावर पण लागतोय." तो हसला. "नवीन घ्या. काय होतं आत, लग्नाचे फोटो?"

"वडील आहेत."

तो माझ्यापुढं पाण्याची बाटली सरकवून म्हणाला, "मग पुण्याला पाठवून बघा. पण लई आशा धरू नका."

घरी येताना बसमध्ये ती डबी मी मुठीत धरून बसले होते. 'मेलीय' हा शब्द काही केल्या जाईना. तुम्ही कुठल्याच मशीनला मेलं म्हणू द्यायचा नाही. बोलत न्हाय म्हणायचं, मेलं न्हाय म्हणायचं.

जोतिबाच्या पायथ्याच्या एका गावात आपण लाउडस्पीकर घेऊन गेलो होतो, ती संध्याकाळ आठवते. मी दहा-अकरा वर्षांची असेन. अ‍ॅम्प्लिफायरचा लाल दिवा लागलाय, मंडपातले कर्णे बोलतायत आणि वडाला बांधलेला शेवटचा कर्णा मुका आहे. कमिटीतले एक जाडजूड गृहस्थ कमरेवर हात ठेवून उभे आहेत. "काय ओ पावणं, तुमचा कर्णा उपाशी हाय का काय?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "त्याला वाईच चहा पाजा, तवर मी वायर बघतो." माणसं हसतात. तुम्ही वडापासून मागं, वायर बोटांतून सोडत चालत येता आणि मी बॅटरी धरून मागोमाग. "दिवा लागला म्हंजे आवाज पोचला असं न्हाय, पोरी. आधी वायर बघायची. मशीनला शिव्या मागनं." बैलगाडीचं चाक जाऊन वायर आत तुटली होती. तुम्ही ती बदलली आणि जुनीच्या टोकाला गाठ मारली. नादुरुस्त वायर ओळखू यावी म्हणून तुम्ही नेहमी गाठ मारायचा.

मग माझं काम सुरू झालं. शेवटच्या कर्ण्याखाली उभं राहायचं, तुमचा आवाज आला की हात वर करायचा.

बसमध्ये हे आठवलं आणि मी घरी जाऊन ड्रॉवर उपसला. पुरानंतर घर बदललं तेव्हा सगळ्या वायरी एकात एक मिसळल्या होत्या. मी लावत होते ती मोबाइलच्या नुसत्या चार्जिंगची. तिच्यातून करंट जातो, दुसरं काही जात नाही. भाचीनं तिची वायर दिली. ती लावली आणि कॅसेटींच्या फायली एकेक करून स्क्रीनवर उभ्या राहिल्या.

वडाखालच्या त्या संध्याकाळची लावली. आधी खरखर, कुणाचं तरी खोकणं, मग तुम्ही. "हॅलो. पोरी, ऐकू येतंय का गं? हात वर कर." आणि मग शांतता. ही शांतता मला माहीतच नव्हती. मी हात वर करून खेळायला पळायचे. अलीकडच्या टोकाला तुम्ही माइक धरून, एवढ्या गर्दीत एक लहानसा हात शोधत थांबायचा, हे मला आत्ता कळतंय. मग हळू आवाजात, स्वतःशीच बोलल्यासारखं, "दिसला. दिसला हात."

घशाच्या ऑपरेशननंतर तुमचा आवाज गेला. दवाखान्यात मी कानाशी वाकून विचारायचे, "आबा, ऐकू येतंय का?" तुम्ही चादरीवरचा हात जरासा उचलायचा. एका सकाळी मी विचारलं आणि थांबले. पुन्हा विचारलं. नर्सनं माझ्या खांद्याला धरलं, तरी मी तुमच्या बोटांकडेच बघत होते.

आता प्रती काढल्यात, एक भाचीकडे दिलीय. त्या चार्जिंगच्या वायरीला गाठ मारून ठेवलीय. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून एक सांगून टाकते. ती फाईल मी रोज लावते आणि तुम्ही 'दिसला' म्हणायच्या आधी थांबवते. हात वर करत नाही. केला की तुम्ही माइक खाली ठेवून पुढच्या कामाला लागाल.