पोपीची तंगडी आणि बुधवारचा खेळ

अस्टोरिया, सोमवार दुपार

दोन वर्षं माझ्यावर रुसून बसलेल्या, पण वयाने मोठ्या असल्यामुळे ज्यांच्याशी आधी वाकूनच बोलावं लागतं अशा फोतिनीताईस, धाकट्या मातिनाकडून दोन्ही गालांवर एकेक पापी. (नको असेल तर पुसून टाक. मी काही बघायला येत नाही.)

आम्ही इकडे खुशाल आहोत. भावोजींचा गुडघा कसा आहे? पायांचा विषय आपल्या घरात नाजूक झालाय हे मला ठाऊक आहे, पण विचारलं नाही तर तू म्हणशील, मातिनाला माणुसकी उरली नाही. टोलिडोत अजून बर्फ आहे का? तुमच्या हॉटेलातलं लिंबाचं सूप भावोजी अजून तेवढंच खारट करतात का? आमचे थानासिस बस चालवायचं बंद झाल्यापासून दिवसभर माझ्या पार्लरमध्ये येऊन बसतात आणि बायकांना केस कापू नका असा सल्ला देतात. धंद्याचं काय होतंय ते तूच समज.

पत्राला तसं काही कारण नाही. काल कपाट आवरताना नाटकांच्या पुस्तिकांचा ढीग अंगावर कोसळला, एवढंच. (थानासिस म्हणाले, "ही रद्दी एक दिवस तुझा जीव घेणार." मी म्हटलं, घेऊ दे, तुमच्या घोरण्यापेक्षा बरं.) इतक्या वर्षांची ब्रॉडवेची संगीत नाटकं त्या ढिगात होती, आणि सगळ्यांत खाली आपलं पहिलं होतं. आठवतं का? तू कोटांच्या दुकानात कामाला होतीस आणि तुझ्या पहिल्या पगारातून मला घेऊन गेलीस. बसायची जागा कुठली परवडायला, शेवटच्या रांगेमागे कठड्यावर कोपरं टेकून आपण उभ्या होतो. दीपगृहाच्या रखवालदाराच्या मुलीचं नाटक होतं ते. वादळात दिवा विझतो आणि ती अंधारात त्या दिव्याला आळवत गाते, असा प्रसंग. आणि दिवा मेला विझेचना. लख्ख तिच्या तोंडावर. ऑर्केस्ट्रा आपला तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत बसलेला. त्या बाईने दिव्याकडे पाहिलं, आपल्याकडे पाहिलं, खांद्यावरची शाल काढून शांतपणे दिव्यावर टाकली आणि गाणं धरलं. सगळं नाट्यगृह उभं राहिलं. आपण आधीच उभ्या होतो, त्यामुळे तू माझ्या दंडाला इतक्या जोरात धरलंस की चार दिवस वळ होता. घरी पोचेपर्यंत रडत होतीस आणि एकच म्हणत होतीस, "ती घाबरली नाही गं मातिना." मला हे नाटकाचं वेड तूच लावलंस. मग लग्न करून टोलिडोला गेलीस ती गेलीसच, आणि वेड इथे माझ्या गळ्यात टाकून गेलीस.

तेव्हापासून माझं पार्लर बुधवारी दुपारी बंद, कारण बुधवारी दुपारचा खेळ असतो. अगं, दिवे मंद होतात, रंगमंचाखालच्या खड्ड्यातून वाद्यं एकदम उठतात आणि अजून पडदाही हललेला नसताना मी खुर्चीच्या टोकावर सरकते. या वयातही सरकते. थानासिस मागे रेलतात, त्यांना झोप येते. एकदा काय झालं, एक विधवा मेलेल्या नवऱ्याच्या खुर्चीशी बसून गात होती, आवाज अगदी काळीज चिरणारा, आणि "ऐकतोयस ना रे?" असं म्हणून ती थांबली. त्या शांततेत आमच्या गृहस्थांनी असं घोरून उत्तर दिलं की वरच्या सज्जातली माणसं वाकून बघायला लागली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण त्या बाईचं कौतुक करावं तेवढं थोडं. खुर्चीकडे बघून हळूच म्हणाली, "जिवंतपणीही हेच उत्तर द्यायचास." सगळे हसून हसून लोळले, आणि हसू पुरतं थांबायच्या आत तिने पुढची ओळ अशी घेतली की तेच सगळे रुमाल शोधायला लागले. थानासिस टाळ्यांनी जागे झाले आणि नाटक संपलं समजून कोट घालून उभे राहिले. ते अजून सांगतात, फार सुंदर शेवट होता.

पण ताई, मला खरं आवडतं ते चिठ्ठीचं नाटक. दारात पुस्तिका हातात देतात, आणि कधी कधी ती उघडली की आतून एक पांढरी चिठ्ठी मांडीवर पडते: आजच्या खेळात अमुक बाईंची भूमिका त्यांच्याऐवजी तमुक करतील. लोक लगेच सुस्कारे टाकतात, सुपात माशी निघाल्यासारखे. मी मात्र सावरून बसते. एकदा शेजारी टेक्सासचा एक आडदांड माणूस होता, बूट त्याचे माझ्या हातभर. चिठ्ठी वाचून म्हणाला, "एवढ्या लांबून काय बदली बाई बघायला आलो?" मी त्याला म्हटलं, जरा धीर धरा. मुख्य नटीच्या झग्याला कमरेत टाचण्या मारून घातलेली एक किडकिडीत पोरगी बाहेर आली. पहिलं वाक्य थरथरलं. दुसरं कमी थरथरलं. विंगेत बघते तर सगळे नट, रंगवणाऱ्या बायका, सामान हलवणारे, आपापली कामं सोडून दाटीवाटीने तिला बघत उभे. त्यांच्या जिवावरच की काय, पोरीने मध्यंतरापर्यंत अख्खं नाट्यगृह खिशात घातलं. शेवटी इतर नटांनीच तिला पुढे ढकललं आणि स्वतः मागे राहून टाळ्या वाजवल्या. टेक्सासवाला माझ्या स्कार्फमध्ये रडला. (स्कार्फ तो घेऊन गेला. जाऊ दे, त्याला जास्त गरज होती.)

मी नटांच्या दाराशी तिची वाट बघत उभी राहिले. तिथे एक बाई डब्यात घरची बिस्किटं घेऊन येणाऱ्याजाणाऱ्याला धरून सांगत होती, "ती माझी मुलगी आहे." पोलिसालाही सांगितलं तिने. मी त्या पोरीपेक्षा त्या आईकडेच जास्त बघत राहिले, आणि मला कुणाची आठवण आली ते मी इथे लिहीत नाही.

आता दोन वर्षांपूर्वीच्या त्या ईस्टरचा विषय. काढायचा नव्हता, पण निघाला आहे तर बोलू. तू सगळ्या टोलिडोला सांगत फिरतेस की तुझ्या मुलीचा पाय मातिनाच्या तोंडामुळे मोडला. अगं, पोपीला पहिलं नाटक मिळालेलं, दुसऱ्या दिवशी तालमीला निघायची होती. नाटकाच्या माणसाला कुणी "यश मिळो" म्हणत नाही, तसं म्हटलं की यश पळतं. म्हणायचं "तंगडी मोडो तुझी." सगळा ब्रॉडवे हेच म्हणतो. मी तुझ्या स्वयंपाकघरात, कोकराचं ताट हातात घेऊन, भरल्या तोंडाने हेच म्हटलं. पोपी हसली, मागे सरली आणि सणाच्या लाल रंगवलेल्या अंड्यावर पाय पडून आडवी. घोटा मोडला, नाटक गेलं, आणि तू तिथल्या तिथे, "तुझ्या जिभेला काही हाड आहे का गं?" म्हणून माझ्या अंगावर आलीस. ते अंडं भावोजींनी फोडून जमिनीवर टाकलेलं होतं. मी त्यांचं नाव घेतलं का कुठे? घरचं माणूस म्हणून गप्प बसले.

आणि एक सांग. शेजारणीचं गोंडस बाळ दिसलं की तू काय करतेस? "शी, काय कुरूप आहे," म्हणतेस आणि तीनदा थू थू करतेस, त्याला दृष्ट लागू नये म्हणून. आपली आई हेच करायची. मग ते बाळ कुरूप होतं का? नाही ना? मी तुझ्या पोरीला तेच केलं, फक्त थुंकले नाही. तेवढीच काय ती चूक म्हणायची असेल तर म्हण.

असो. भांडणाचं पत्र नाही हे. भावोजींना नमस्कार, त्यांना सूप थोडं कमी खारट करायला सांग. थानासिस तुला आठवण सांगतात (झोपले आहेत, पण सांगितली असती).

तुझी, कशीही असली तरी तुझीच,
मातिना

ता. क. एक सांगायचं राहिलंच. पोपीला आता इथे मिळालेल्या नाटकातली मुख्य नटी बहिणीच्या लग्नाला जाते आहे. पोपी एरवी मासे भरणाऱ्या बायकांच्या घोळक्यात मागे पिंप घेऊन नाचते, पण त्या नटीची बदली तीच आहे. या नाही, पुढच्या बुधवारी दुपारी चिठ्ठी पडेल ती आपल्या पोपीच्या नावाची. मी दोन जागा घेतल्या आहेत, पुढून पाचवी रांग. थानासिस येणार नाहीत. त्यांची झोप घरीच छान होते.

ता. क. तू तिच्यासाठी हॉटेलच्या गल्ल्यावर खुर्ची राखून ठेवली आहेस, ते तिला माहीत आहे. ती म्हणाली, "बुधवारी मी पडले तर गुरुवारी त्या खुर्चीवर बसेन. पण थिया, मावशी गं, आईला आधी एकदा बघू दे." तिने तुला फोन केला नाही, कारण तू म्हणशील, घोटा सांभाळ, आणि मग तिला रात्रभर घोटाच दिसेल.

ता. क. बिस्किटं आण. पोलिसाला सांगायची तयारी ठेव.

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण हे. काल पोपी केस धुवायला पार्लरमध्ये आली होती. मी म्हटलं, बुधवारचं काय, म्हणू का गं? तर मान बेसिनमध्ये ठेवूनच म्हणाली, "नको थिया, तू नको. सगळं थिएटर मला म्हणेल तंगडी मोडो, आणि दरवेळी मला आईचा तो चेहरा दिसेल. आईनेच म्हटलं तर जाईल तो." तेव्हा ताई, ये. खेळाच्या आधी तुला आत नेण्याची सोय मी केली आहे. टाचण्या मारलेल्या झग्यात ती उभी असेल. तिच्यासमोर उभी राहा आणि घाबरू नकोस, तोंड भरून म्हण, "तंगडी मोडो तुझी, माझ्या बाळा." थुंकायचं असेल तर नंतर थुंक. रुमाल मी आणते.