आईच्या कोयत्यावरची शपथ कायम ठेवणेबाबत

प्रति,
मा. कमांडंट साहेब,
गर्भगिरी सैनिक प्रशिक्षण केंद्र, अहिल्यानगर.

विषय : रिक्रूट अंगद बन्सी ढाकणे याची शपथ खोटी न ठरविणेबाबत.
संदर्भ : 'शपथ व प्रार्थना अवैध होती असे लिहून द्यावे' हे आपल्या कार्यालयाचे दि. ११ नोव्हेंबरचे पत्र.

महोदय,

अर्जदार नायब सुभेदार कानिफनाथ रामभाऊ गुरव हा फौजेत एकोणीस वर्षे धर्मगुरू आहे. कसम परेडला प्रत्येक जवानापुढे ज्याचा त्याचा ग्रंथ धरणे हे त्याचे काम. आजवर त्याच्याविरुद्ध एक कागद नव्हता, या आठवड्यात तीन झाले.

१. परेडआधी अर्जदाराने रिवाजाप्रमाणे प्रत्येकाला ग्रंथ विचारला. अंगद पाथर्डीकडचा, ऊसतोड्याच्या घरचा. तो म्हणाला, "आमच्या घरात पोथी न्हाई, गुरुजी. दसऱ्याला आय कोयता पुजती. म्या त्याच्यावरच हात ठेवीन." अर्जदाराने रजिस्टरात 'इतर' या रकान्यात 'कोयता' लिहिले. रजिस्टर वर गेले आणि सहीनिशी खाली आले. कोणी वाचले नाही, यात अर्जदाराचा दोष किती ते साहेबांनीच ठरवावे.

२. दि. ८ रोजी, परेडच्या दिवशी, अंगदची आई मनकर्णा उसाच्या फडातून थेट आली. कोयता लाल फडक्यात गुंडाळलेला होता. गेटवर त्याची 'धार्मिक साहित्य' अशी नोंद झाली. पोराने त्यावर हात ठेवून देशाची शपथ घेतली. अर्जदाराचे मन भरून आले आणि छापील प्रार्थना सोडून तो माइकवर बोलून गेला, "देवा, जिने ऊस तोडून हा पोरगा उभा केला, तिच्या हाताला यश दे." सगळ्या धर्मांच्या पोरांनी आपापल्या परीने होकार दिला.

३. त्यानंतर एका पत्राने कोयता शस्त्र ठरवून जप्त केला. दुसऱ्या पत्राने तोच कोयता ग्रंथ मानून त्याची भाषा व लेखक विचारला. अर्जदाराने 'मराठी' एवढे कळविले आहे, लेखकाचा शोध लागलेला नाही.

४. आता आदेश असा की, अंगदने गीतेवर पुन्हा शपथ घ्यावी, नाहीतर घरी जावे. अर्जदाराने त्याला हात जोडून समजावले. तो म्हणतो, "गीतेला माझा नमस्कारच हाय. पन परत शपथ घेतली म्हंजे पयली खोटी व्हती. आयच्या कोयत्यावर खोटं बोललो, तर ते आयला भोवंल." हे त्याचे वेड नव्हे, साहेब, हा त्याचा धर्म आहे. आपण अर्जदाराला धर्म सांभाळायलाच नेमले आहे.

अर्जदाराची इकडे आड, तिकडे विहीर झाली आहे. आदेश मोडणे त्याच्या रक्तात नाही. पण झालेली प्रार्थना झाली नव्हती असे कोणत्या हाताने लिहावे? आणि लिहिले, तर ते वर कळवायचे कोणत्या कार्यालयास? तीन दिवस त्याला अन्न गोड लागलेले नाही. उद्या पोराला घरी धाडले, तर अर्जदार कोणत्याही जवानापुढे कोणताही ग्रंथ धरू शकणार नाही.

मुदत सोमवारी दुपारपर्यंत आहे. चूक कोणाच्या तरी नावावर टाकल्याशिवाय फाईल बंद होत नसेल, तर ती अर्जदाराच्या नावावर टाकावी आणि पोराला राहू द्यावे, ही पदर पसरून विनंती.

आजवर आपल्या आज्ञेत राहिलेला,
(सही)
कानिफनाथ रामभाऊ गुरव
नायब सुभेदार (धर्मगुरू)
दि. १४ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१. शपथ अवैध असल्याचा कार्यालयाने दिलेला मसुदा, सही न करता परत.
२. अर्जदाराचा राजीनामा, सहीसह.