पोटाला दहापैकी दहा

ता. जळकोट, जि. लातूर
१८ जानेवारी

तीर्थरूप साखराअक्कास,

धाकट्या व्यंकटीचा वाकून नमस्कार. वाकलो तरी पोट दुखत न्हाई, हे नमस्कारातच कळवून टाकतो.

इकडं सगळी खुशाली हाय. तिकडं दाजींचा गुडघा, तुझी म्हैस आणि तुझं पोट कसं हाय ते कळव. गुडघ्याचं आणि म्हशीचं तू खरं सांगशील. पोटाचं सांगणार न्हाईस, म्हणून तर कागद घेऊन बसलो. चार महिने झाले, फोनवर पोटाचं नाव काढलं की "आवाज येत न्हाई रे येंकट्या" म्हणतेस आणि ठेवून देतेस. कागदाचा आवाज जात न्हाई. तुझी भावजय बबिता संक्रांतीचा तिळगूळ द्यायला तुझ्याकडं येऊनच राहिली, तर तिच्याच हाती देतो. तुझा चष्मा फुटलाय म्हणे, तेव्हा सूनबाई वाचून दाखवील. (पुनम, इथून पुढं कंसात जे हाय ते मोठ्यानं वाचू नको. ते तुझ्यासाठी हाय. अक्काच्या पोटातल्या खड्यांचा सोनोग्राफीचा कागद तुला डाळीच्या डब्यात सापडला आणि तू बबिताला फोटो पाठवलास, हे अक्काला बिलकुल कळता कामा नये.)

तर माझ्या पित्ताशयात खडे निघाले हे तुला ठाऊकच हाय. बातमी लागली तसा दगडोबामामा हजर. कुणाचंही ऑपरेशन म्हटलं की मामा आधी सदरा वर करतो, मग "काय झालं" म्हणून विचारतो. छातीखालून बेंबीपर्यंत ती शिवण! लग्नाच्या पंगतीतसुद्धा दाखवून झालीय. अक्का, तुझ्या डोळ्यांपुढंही तीच शिवण हाय, मला माहीत हाय. तू तेव्हा तेरा वर्षांची होतीस आणि दोन महिने मामाची जखम धुवायचं काम घरच्यांनी तुझ्यावर टाकलं होतं. कुणी मदतीला आलं न्हाई आणि तू कुणाला बोलली न्हाईस. तेव्हापासून पोटाच्या ऑपरेशनचा विषय निघाला की तू उठून म्हशीकडं जातेस. (आत्ता उठली असंल तर पदर धरून बसव.)

पण आता तसं राहिलं न्हाई गं. नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टर सुकन्या म्हणून बाई हायत. वयानं आपल्या पोरीएवढ्या, पण बोलणं एकदम ठाम. त्यांनी मला चित्र काढून दाखवलं. पोटाला चार बारकी भोकं पाडायची, एकातून दुर्बीण घालायची, बाकीच्यांतून लांब दांड्याची हत्यारं, आणि टीव्हीत बघून बघून खड्यांसकट ती पिशवी बाहेर काढायची. आत हात फिरायला जागा पाहिजे म्हणून पोटात हवा भरतात, तंबू उभा करतो तसं. आता ही हवा किती भरावी, यावरच बाईंचं संशोधन चालू हाय. काही जणांना नेहमीएवढी भरायची, काही जणांना जरा कमी, आणि मागून कुणाचं किती दुखतं ते लिहून घ्यायचं. "तुम्ही यात याल का? न्हाई म्हणालात तरी ऑपरेशन तसंच होईल," असं विचारलं. मी म्हणालो, येतो की! आपल्या घराण्यात आजवर ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपलीकडं कुणाचं नाव कशात आलेलं न्हाई.

कुणाला कोणती हवा, ते चिठ्ठीवर ठरतं. अगदी सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत असते तसं. फरक एवढाच, की निघालेली चिठ्ठी पेशंटला सांगतच न्हाईत. आता मला सांग, हे कसं सोसावं माणसानं? मी नर्सला विचारलं, वॉर्डातल्या मावशीला विचारलं, भूल देणाऱ्या डॉक्टरला तर मी आडवा पडल्या पडल्या विचारलं. ते म्हणाले, "दीर्घ श्वास घ्या." पुढचं मला आठवत न्हाई. ऑपरेशनला मी वाघासारखा गेलो, एवढं मात्र आठवतं. संध्याकाळी उठून चालत संडासला गेलो, दुसऱ्या दिवशी घरी. चार पट्ट्या, बस्स.

खरी आफत घरी आल्यावर. भेटायला जीप भरभरून माणसं आली, नारळ आणि बिस्किटांचे पुडे घेऊन, आणि सगळ्यांना जखम बघायची. चार पट्ट्या दाखवल्या की तोंडं उतरायची. मामानं तर जवळ येऊन, चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाला, "ह्या असल्याला ऑपरेशन म्हणतात व्हय? मला वाटलं गोचीड चावली." त्यात मी सांगून बसलो, की पोट ठीक हाय, उजवा खांदा ठणकतोय. मग काय, डॉक्टरनं पोट सोडून खांदाच कापला, असं गल्लीभर झालं. आत भरलेल्या हवेपायी काही दिवस खांद्यात कळ येते, हे बाईंनी आधी सांगितलं होतं. पण गल्लीला कोण समजावणार?

आता माझ्या हातून जे झालं ते सांगतो. हसायचं तेवढं हस, पण ऐक. बाईंनी मला एक वही दिली होती. रोज दोन आकडे लिहायचे, एक पोटाचा, एक खांद्याचा, शून्य ते दहा. दहा म्हणजे सगळ्यात जास्त दुखणं. बाईंनी हे नीट सांगितलं होतं म्हणे, पण मी भुलीतून नुकता उठलेला, माझ्या ध्यानात फक्त शून्य ते दहा राहिलं. आणि आपल्याला शाळेपासून काय ठाऊक? दहापैकी दहा म्हणजे झकास! बाई एवढ्या मेहनतीनं करून राहिल्या, त्यांच्या कामाला मी मार्क कमी कसे देऊ? पहिल्याच दिवसापासून पोटाला दहा दिले. खांदा दुसऱ्या दिवशी लई ठणकत होता, म्हणून मनावर दगड ठेवून तिथं चार दिले. तो कमी होत गेला तसा मी मार्क वाढवत गेलो. पाच, सात, नऊ. सातव्या दिवशी खांद्यालाही दहा! बबितानं सातही पानांचे फोटो माझ्याच फोनवरून बाईंना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले आणि मला वाटलं, बाई खूश होऊन आता सत्कारच ठेवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मला पाच फोन लावले. मी शेतात, तिथं रेंज न्हाई. दुपारी बांधावर बसून मी हुरडा आणि लसणाची चटणी खात होतो, तर समोरून धुरळा उडवत दवाखान्याची गाडी! आतून डॉक्टर सुकन्या, एक नर्स आणि सलाईनचा दांडा, एवढे उतरले. बाईंचा चेहरा पांढराफटक. सात दिवस पेशंटचं दुखणं वाढतच चाललंय, फोन उचलत न्हाई, म्हणजे आत काहीतरी फुटलं, असं धरून बाई नांदेडपासून जीव मुठीत घेऊन आल्या होत्या. आणि मी त्यांना म्हणतो, "या बाई, हुरडा घ्या." त्यांनी मला तिथंच ढेकळात आडवं केलं, पोट चारी बाजूंनी दाबलं आणि विचारलं, "मग दहा का लिहिलं?" मी कौतुकानं सांगितलं. बाई खाली बसल्या. आधी पाणी प्याल्या, मग हसल्या, आणि मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मला लई लाज वाटली अक्का. मी म्हणालो, आकडे उलटे करून घ्या की, हाय काय त्यात! तर बाई म्हणाल्या, "तसं चालत नाही काका. तुमच्या वहीवर शेरा मारावा लागेल, कदाचित ती बाजूला ठेवावी लागेल. तुम्ही माझं मन राखायला लिहिलंत. पण तुमच्या आकड्यावरून उद्या दुसऱ्या कुणाच्या पोटात किती हवा भरायची ते ठरणार. मला बरं वाटावं म्हणून लिहिलेला आकडा त्या माणसाच्या काय कामाचा?" रागावल्या बिलकुल न्हाईत. जाताना सोबत हुरडा नेला, आणि परवा फोन करून सांगितलं, की आता प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छापून घेतलंय: "हे डॉक्टरचे मार्क नाहीत. जास्त आकडा म्हणजे जास्त दुखणं." संशोधनात माझं हे एवढं योगदान! वही राहो न राहो, ते पान माझं हाय. मामाला सांगितलं, तर त्यानं पहिल्यांदाच सदरा खाली ओढून घेतला.

आता तुला माझे खरे आकडे देतो. पहिल्या दिवशी पोट चार. दुसऱ्या दिवशी पोट तीन, खांदा सहा. चौथ्या दिवशी पोट एक. आज दोन्ही शून्य, आणि हे शून्य मन राखायचं न्हाई. बाकी काय लिहू, म्हशीला सांभाळ, दाजींना नमस्कार सांग, तिळाचे लाडू जपून खा.

तुझाच,
व्यंकटी

ता. क. १ : वाघासारखा गेलो असं वर लिहिलंय, ते बबितानं वाचलं आणि खोडायला सांगितलं. तर खरं असं, की ऑपरेशनच्या सकाळी मी दवाखान्याच्या कपड्यांतच नांदेडच्या बसस्टँडवर पळून गेलो होतो. जळकोटच्या गाडीत बसलोही होतो. मलाही मामाची शिवणच दिसत होती गं. बबितानं गाडीत चढून हाताला धरून खाली उतरवलं. लई भ्यालो होतो. भिऊनही जाता येतं, एवढंच सांगायचं हाय.

ता. क. २ : तिळगुळाचं निमित्त हाय. बबिता आत्ता तुझ्याच ओसरीवर बसलेली असंल, आणि ती एकटी परत येणार न्हाई. तुझा कागद डॉक्टर सुकन्यांनी बघितलाय. (पुनम, सांगून टाकलं, माफ कर.) सोमवारी त्यांनी तपासायला बोलावलंय. संशोधनात जायचं का न्हाई ते तू ठरव, पण तपासायला चल. ह्या वेळी तुला कुणाची जखम धुवायची न्हाई. तुझं आम्ही करू. म्हशीला बघायला मी उद्या तिथं येतो.

ता. क. ३ : मी बाईंचं मन राखायला दहा लिहिले, तू आमचं मन राखायला चार महिने शून्य सांगून राहिलीस. आपण दोघं एकाच शाळेतले. म्हणून पुनम, हे मात्र मोठ्यानं वाच. अक्काला आकडा विचार, पण ती सांगेल तो लिहू नको. तिचा हात आत्ता कुठं हाय ते बघ. पोटावर असंल, तर दवाखान्यात न्यायला तिच्या कपड्यांची पिशवी भरायला घे.