कुंकवाच्या नोटा

कसबा पेठ, पुणे
५ नोव्हेंबर २०२५, त्रिपुरी पौर्णिमा

चि. सृष्टीस,
अनेक आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा.

तुझं पत्र शेजारच्या कल्याणीने मोबाईलवर मोठं करून दाखवलं. माझ्या कानांनी संप पुकारला तेव्हापासून आपला फोन बंद पडला आणि ही पत्रं सुरू झाली. एका परीने बरंच झालं. फोनवर तू काय लपवतेस ते कळायचं नाही, कागदावर लगेच कळतं. दोन पानं भरून तू विमानाचं भाडंच लिहिलंस. विमानं वळसा घालून जातात म्हणून भाडं चढलंय, युरो शंभराच्या वर गेलाय, अशात आईने जर्मनीला येणं म्हणजे वेडेपणा. आणि सगळ्यात खाली, सहीच्या वर, मुंगीच्या अक्षरात लिहिलंस, पंचवीस तारखेला गळ्याचं छोटंसं ऑपरेशन आहे, काळजी करू नकोस.

अगं, दाढ काढायला तुला नेलं होतं ते आठवतं का? पहिलीत होतीस. दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून तू विचारलंस, हे किती पैसे घेतात? मी सांगितलं. तर म्हणालीस, फार महाग आहे, आपण घरी जाऊ. तेव्हापासून मला ठाऊक आहे, तुला भीती वाटली की तू भाव विचारतेस.

तर मी येते आहे. सप्टेंबरात यायचं म्हणून काढलेला व्हिसा डिसेंबरअखेरपर्यंत चालतो. भाडं उतरू दे, भाडं उतरू दे म्हणत तूच दोनदा पुढे ढकललंस. पैशांची सोय माझ्याकडे आहे. कसली ते विचारू नकोस. युरो चढला म्हणून सगळं पुणं रडत असेल, मी एकटी हसते आहे, एवढंच सांगते.

बुधवार पेठेत तिकिटं काढून देणाऱ्या तेजसकडे जाऊन आले. त्याने लिहून विचारलं, आजी, व्हीलचेअर लिहू का? मी म्हटलं, कसब्यातून तुझ्यापर्यंत पायी आले, खुर्ची तू ठेव. मग त्याने कागदावर लिहून दाखवलं की खुर्ची ढकलणारा माणूस थेट विमानाच्या दारापर्यंत नेतो, ऐकू न येणाऱ्यांना ते सोयीचं पडतं. पटलं, पण त्याला तसं सांगितलं नाही.

लोभ आहेच. तो वाढवायला मी स्वतः येते आहे.
तुझी,
आई


७ नोव्हेंबर

ती. आईस,
साष्टांग नमस्कार, आणि त्याच हातांनी विनंती की येऊ नकोस.

मी आज सकाळी परत बघितलं. कालच्यापेक्षा भाडं अजून वाढलंय. मी पाठवलं असतं, पण आता सांगूनच टाकते. कंपनीने सप्टेंबरपासून आम्हाला अर्ध्या वेळेवर आणलंय, पगारही अर्धा. म्हणूनच तेव्हा भाड्याचं निमित्त केलं. घरभाडं वजा जाता उरतं त्यात माझं भागतं, पण तुझं तिकीट निघत नाही. जानेवारीत भाडं नक्की उतरेल, तेव्हा नवा व्हिसा काढून ये. मी बरी असेन, आपण मस्त फिरू.

गाठ साधीच असावी असं डॉक्टर म्हणतात. काढून तपासल्यावर नक्की कळेल. आवाजाची नस तिथूनच जाते, म्हणून त्यांनी माझी वेगळी सही घेतली. शंभरात एखाद्याचा आवाज जातो. म्हणजे नव्व्याण्णव लोकांचा जात नाही, बरोबर ना? हॉस्पिटलच्या कागदावर जवळचं माणूस लिहायचं होतं, तिथे वरच्या मजल्यावरच्या बाईंचं नाव दिलंय. त्या चांगल्या आहेत, त्यांच्याकडे मांजर आहे.

तुझी सोय म्हणजे काय? पाटल्या विकणार असशील तर मी बोलणार नाही तुझ्याशी.

इकडे पाचलाच अंधार पडतो. बाकी सगळं ठीक.
तुझी लाडकी आणि खर्चिक,
सृष्टी


कसबा पेठ
११ नोव्हेंबर

चि. उत्तरेश्वरास,
ताईचा आशीर्वाद. बार्शीत सगळे सुखरूप असाल असं धरून चालते, कारण आज मला दुसऱ्या कोणाची काळजी करायला जागा नाही.

सृष्टीचं पत्र सोबत जोडते. मांजराच्या अलीकडचं वाक्य वाच. लेकीच्या जवळचं माणूस म्हणून शेजारीण! आणि आवाजाचं ते. उत्तरेश्वरा, तिचा आवाज गेली तीन वर्षं मला ऐकू आलेला नाही. पण तो तिथे आहे, हे मला माहीत असतं. तो गेला तर काय, याचा विचार मनात आला की मी भांडी घासायला बसते. घासलेलीच परत घासते.

आता दुसरं ऐक, आणि हसलास तर बघ. सृष्टी दर खेपेला जाताना पन्नास युरोच्या दोन-चार नोटा माझ्या हातात कोंबायची, तुझ्या खर्चाला म्हणून. परदेशात राबून मिळवलेली तिची कमाई, ती मी कशी मोडणार? देवघरात पितळी डब्यात ठेवली. साठत साठत तिकिटापुरती झाली. हीच माझी सोय. काल रुमालात बांधून लक्ष्मी रोडजवळच्या नोटा बदलणाऱ्या दुकानात गेले. माणूस नोटा उलगडून बघत राहिला. मग एक नोट काचेला लावून मला दाखवली. प्रत्येक नोटेवर लाल बोट उमटलेलं होतं. जुन्या नोटांवर तर चार-चार.

लक्ष्मीपूजन, बाबा! दर दिवाळीला पाटावर नोटा मांडायच्या, हळदकुंकू वाहायचं. आपली आईसुद्धा चांदीच्या रुपयाला लावायची. मी तेलाच्या बोटाने लावत आले, म्हणजे घट्ट बसावं. बसलं. त्याने लिहून दिलं की डाग पडलेली परदेशी नोट कोणी घेत नाही. मी साबणाने एक धुऊन पाहिली, तर सगळी नोट गुलाबी झाली.

यांच्या माघारी मी स्वतःच्या कपाळाला कुंकू लावलं नाही, ठाऊक आहे तुला. करंडा फक्त देवांपुरता ठेवला. आणि त्याच करंड्याने माझी वाट अडवली.

मला भीती वाटते रे. विमानाची वाटते, तिथे कोणी हाक मारली तर कळणार नाही याची वाटते. पण ती टेबलावर निजेल आणि बाहेरच्या बाकावर तिचं कोणी नसेल, ही सगळ्यात मोठी. सृष्टीला नोटांबद्दल कळवू नकोस, तिच्या जिवाला आधीच घोर आहे.

धाकटा असूनही शहाणा आहेस, काहीतरी सुचव.
तुझी,
कौशल्याताई


बार्शी
१४ नोव्हेंबर

ती. ताईस,
उत्तरेश्वराचा दंडवत.

हसलो. खोटं कशाला बोलू? घरातले सगळे हसले, मग पत्र पुढे वाचलं आणि मी पैसे मोजायला बसलो.

माझ्याकडे स्लॅबसाठी ठेवलेले थोडे आहेत, त्यातून तिकिटाचे निम्मे तेजसच्या दुकानी उद्याच पाठवतो. घर अजून एक वर्ष गळेल, त्याला सवय आहे. उरलेल्याचं तू बघ. तू लोकांच्या बारशापासून बाराव्यापर्यंत राबतेस, मग आता तोंड शिवून का बसलीस? पेठेत कोणाला सांगितलंस का? नसणारच. उसनं मागायची तुला लाज आणि न मागितल्याचा आम्हाला ताप.

त्या नोटा टाकू नकोस. इथल्या दुकानदारांनी नाक मुरडलं म्हणून काय झालं, जिथल्या आहेत तिथल्या बँकेत चालतीलच की. पर्समध्ये घालून बिनधास्त ने. आणि गळ्यात एक पाटी अडकव, मला ऐकू येत नाही, खांद्याला हात लावा. कल्याणीकडून इंग्रजीत लिहून घे. तुझ्या तोंडाकडे बघून लोकांना वाटतं तुला सगळं ऐकू येतंय आणि तू मुद्दाम उत्तर देत नाहीस. लहानपणी तर तू खरंच मुद्दाम देत नसायचीस.

पोरीला सांग, मामाने भगवंताला नारळ बोललाय. आवाजासकट परत पाहिजे म्हणावं.

तुझ्या धाकाखालीच असलेला,
उत्तरेश्वर


कसबा पेठ
१७ नोव्हेंबर

चि. सृष्टीस,
आशीर्वाद. आता नाही म्हणायचं नाही, तिकीट निघालं.

पाटल्या माझ्या हातात आहेत, फोटोत बघून घे. निम्मे पैसे मामाने दिले. उरलेले आमच्या भिशीचे. या महिन्याची भिशी मुक्ताबाईंना लागली होती. त्या मैत्रिणींबरोबर दुबईला जाणार म्हणून वर्षभर आम्हाला पिडत होत्या. मी संकोचत सगळं सांगितलं तर त्यांनी माझी लिहायची पाटी ओढून घेतली आणि लिहिलं, दुबईचं भाडं वाढलंय, मला परवडत नाही, मी रद्दच करणार होते. खाली आणखी लिहिलं, उपकार मानायला लागलात तर व्याज लावीन.

त्यांची नवी बॅग दोन दिवस आधी मी खाटेवर उघडी पाहिली होती. कपडे भरलेले होते. म्हणजे तू एकटी नाहीस, बाळा. ज्यांना खरं बोलायचं नसतं ते सगळे भाड्यावर घालतात.

दशम्या करून घेते आहे. मुक्ताबाई म्हणतात, विमानात आयतं जेवण देतात तर डबा नेऊन त्यांचा अवश्य अपमान करा. सोमवारी सकाळी उतरेन. मंगळवारी बाकावर मी असेन. हॉस्पिटलच्या कागदावरचं नाव बदलून घे. मांजरवाल्या बाईंना माझा नमस्कार सांग.

येतेच आहे, म्हणून आज लोभाबिभाचं काही लिहीत नाही.
आई


१८ नोव्हेंबर

ती. आई,
नाव बदललं.
ये. मला खूप भीती वाटते. रात्री आरशासमोर उभी राहून मी माझंच नाव मोठ्याने म्हणते, आवाज कसा आहे तो लक्षात राहावा म्हणून.
सृष्टी


हॉस्पिटल, बाहेरचा बाक
२५ नोव्हेंबर, मंगळवार

चि. उत्तरेश्वरास,
ताईचा आशीर्वाद, आणि भेटशील तेव्हा कान पिळायचा आहे तो वेगळा.

पोरीला आत नेऊन बराच वेळ झाला. बसवत नाही म्हणून लिहिते. कागद मांडीवर आहे, अक्षर सांभाळून घे.

विमान बरं होतं. खुर्ची ढकलणारी मुलगी गोड होती. पण काल उतरल्यावर सामान बघणाऱ्यांनी मला बाजूला घेतलं. पर्स उघडली, दशम्या उघडल्या, मग तो रुमाल. लाल बोटं उमटलेल्या नोटा बघून त्या माणसाचा चेहराच बदलला. त्याने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने एका बाईला. तिघं नोटा उजेडात धरून बघत होते आणि मला काहीतरी विचारत होते. मी गळ्यातली पाटी दाखवली. मग ते लिहून विचारू लागले, पण तेही जर्मनमध्ये. सृष्टीने नंतर लिहून सांगितलं की इकडे बँकेच्या पेट्यांत शाई असते. चोराने पेटी फोडली की नोटांवर उडते. म्हणजे ती माणसं मला दरोडेखोर समजत होती! जिथल्या नोटा तिथे चालतीलच, असं लिहिणारा शहाणा कोण होता?

तेव्हा हे काहीच कळत नव्हतं. एवढंच दिसत होतं की दार बंद आहे, खुर्ची ढकलणारी गेली, आणि भिंतीवरचं घड्याळ पुढे चाललंय. वाटलं, हे आता मला परत धाडतात. उद्या पोर आत जाईल आणि बाक रिकामा राहील. आयुष्यात इतकी घाबरले नाही, हे गेले त्या दिवशीसुद्धा नाही, कारण तेव्हा तुम्ही सगळे होतात.

पर्सच्या तळाशी करंडा होता. ऑपरेशनच्या आधी सृष्टीला लावायला कसबा गणपतीपुढचं कुंकू घेतलं होतं. मी करंडा उघडून टेबलावर ठेवला. नोटेकडे बोट दाखवलं, करंड्याकडे दाखवलं. त्यांना उमजेना. मग मी बोट बुडवलं आणि लावलं. माझ्याच कपाळाला, उत्तरेश्वरा. दुसरी जागाच नव्हती. लावलं आणि नोटेपुढे हात जोडले, पाटापुढे जोडते तसे.

ती बाई उठली. जवळ येऊन तिने माझ्या कपाळाला हळूच बोट लावलं, आपलं लाल बोट बघितलं, मग ते नोटेवरच्या डागाशेजारी कागदावर टेकवलं. दोन्ही ठसे सारखे. ती काय म्हणाली ते ठाऊक नाही, पण तिघांचेही चेहरे निवळले. तिने नोटा माझ्या रुमालात मीच बांधते तशी गाठ मारून दिल्या आणि दारापर्यंत स्वतः सोडायला आली.

बाहेर सृष्टी उभी होती. गळ्याला रुमाल, डोळे सुजलेले. माझं कपाळ बघून थिजली. मी सगळी कथा सांगितली तर हसत सुटली, हसता हसता तिथेच खाली बसली आणि मला धरून रडली. कपाळ पुसायला मी पदर उचलला तर तिने माझा हात धरून ठेवला.

आज आत जाताना मी तिला कुंकू लावलं. ओठ हलवून काहीतरी म्हणाली. मला वाटतं तिने विचारलं, याला खर्च किती येतो? मी म्हटलं, पुष्कळ, पण आता घरी जायचं नाही.

पाटी गळ्यात आहे. नर्सला दाखवून ठेवली आहे. दार उघडतं तेव्हा कळत नाही म्हणून मी त्याच्याकडेच बघत बसले आहे. देवाला दुसरं काही मागत नाही. मला ऐकू येवो न येवो, तिचा

कोणीतरी खांद्याला हात लावला. थांबते.


(त्याच कागदावर, वेगळं अक्षर)

मामा, सा. न.
आई माझ्या खाटेजवळच्या बाकावर झोपली आहे, म्हणून तिचं पत्र मी पुरं करते. गाठ निघाली. तपासणीचं कळायला आठवडा लागेल, ती धाकधूक आहेच. मला आज जास्त बोलायची परवानगी नाही. एकच शब्द बोलून पाहिला. घोगरा आला, पण आला. "आई" म्हटलं. तिला ऐकू गेलं नाही. नर्सने ऐकलं आणि बाहेर जाऊन तिच्या खांद्याला हात लावला.
तुमचा नारळ फळाला आला.
सृष्टी